उचंत खात्यातली अक्षरे

बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्या माणसाला साहित्याशी काही देणेघेणे नसते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. दिवसाकाठी आम्ही जेवढे वाचतो तेवढे एखादा प्राध्यापकही वाचत नसेल. फक्त आमच्या वाचनात नायकाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यापुढे कथानक सरकत नाही. पण तेवढ्यातही काय काय घडते! एका काना-मात्रेपायी माणूस स्वतःलाच परका होतो, एका स्पेलिंगपायी सख्खे भाऊ सावत्र ठरतात. साहित्यातले समीक्षक फार तर पुस्तक पाडतात. आमची समीक्षा संपली की माणसाचे पैसे अडकतात. एवढा दरारा मराठीत दुसऱ्या कुठल्या समीक्षकाचा असेल असे मला वाटत नाही.

प्रस्तुत लेख हाही टीकालेखच आहे, आणि त्याचा विषय आहे अपॉस्ट्रॉफी. स्वल्पविराम रुसून माळ्यावर जाऊन बसावा तसे दिसणारे ते चिन्ह. शाळेत इंग्रजीच्या बाईंनी शिकवले तेव्हा मी ते गिरवले, बी. कॉम.ला त्याची कधी गरज पडली नाही, आणि बँकेत लागल्यावर तर मी ते विसरूनच गेलो. डी-मावशी आल्या नसत्या तर ते तसेच विसरलेले राहिले असते.

डी-मावशी हे अर्थात त्यांचे खरे नाव नव्हे. त्यांचे आडनाव डिसूझा, डिमेलो, डिसिल्वा या मोठ्या गोतावळ्यापैकी एक, एवढे सांगितले म्हणजे पुरे. माहेर-सासर दोन्ही वसईकडचे, त्यामुळे मराठी माझ्यापेक्षा चोख. यजमान वारल्यावर त्यांच्या मुदत ठेवीचे पैसे घ्यायला त्या आल्या. कागदपत्रे सगळी होती, झेरॉक्ससकट होती, झेरॉक्सवर सह्यासुद्धा होत्या. असा ग्राहक दिसला की आमच्या पोटात गोळा येतो. मग मी चष्मा सरसावला आणि समीक्षेला बसलो.

ठेवीच्या जुन्या पावतीवर यजमानांच्या आडनावात 'डी'पुढे अपॉस्ट्रॉफी होता. मृत्यूच्या दाखल्यावर तो नव्हता. 'डी' पुढच्या अक्षराला जाऊन चिकटला होता. पॅन कार्डावर दोघांच्या मध्ये मोकळी जागा होती. आधार कार्डावर मराठीत 'डि' आणि रेशन कार्डावर 'दि' होते. एकूण कागदोपत्री मावशींना पाच नवरे होते. द्रौपदीनंतर हा मान कुणाला मिळाल्याचे ऐकिवात नाही. नियमाने बघायचे तर ज्या गृहस्थांची ठेव होती ते हयात होते, आणि जे वारले होते त्यांचा आमच्या बँकेशी काही संबंध नव्हता.

"मावशी, नावात तफावत आहे," मी म्हणालो. हे वाक्य आम्हाला झोपेतही म्हणता येते.

"म्हणजे काय, भाऊ?"

"म्हणजे या कागदांप्रमाणे तुमचे मिस्टर गेलेलेच नाहीत."

मावशींनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "तसं असतं तर बरंच झालं असतं, भाऊ," एवढेच त्या म्हणाल्या, आणि कागद गोळा करून निघून गेल्या.

त्या दिवशी डब्यातली भेंडी माझ्या घशाखाली उतरेना. संध्याकाळी घरी ही म्हणाली, "अहो, रोकड कमी आली का?" म्हटलं, "रोकड नाही, एक चिन्ह कमी आलंय." तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेलाही एखादे विरामचिन्ह असायला हवे.

आमच्या खात्यात एक पाठ आहे : ताळा जुळेना, की मूळ नोंद शोधावी. तेव्हा मी अपॉस्ट्रॉफीची मूळ नोंद शोधायला लागलो. शब्द निघाला ग्रीक. अर्थ, 'तोंड फिरवणे'. दुपारी साडेतीनला काउंटरवर उभ्या राहिलेल्या कुणालाही हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. हे चिन्ह फ्रेंचांकडून सोळाव्या शतकात इंग्रजीत आले, आणि त्याचे मूळ काम एकच होते. बोलण्याच्या ओघात एखादे अक्षर गळून पडले, तर त्या जागी खूण करून ठेवायची.

कॉमर्सच्या पदवीधराला ही व्यवस्था ताबडतोब कळते. हिशेबात कधीकधी एखादी रक्कम निघते. ती कुणाची, कुठे जमा करायची, याचा पत्ता नसतो. ती फेकून देता येत नाही आणि खिशातही घालता येत नाही. अशी रक्कम उचंत खात्यात टाकतात. अपॉस्ट्रॉफी हे भाषेचे उचंत खाते आहे. 'डू नॉट' म्हणता म्हणता इंग्रजाच्या तोंडून 'नॉट'मधला 'ओ' सांडला. त्याने तो उचलून उचंत खात्यात ठेवला आणि 'डोन्ट' लिहिताना त्या जागी खूण केली. इथे एक अक्षर होते, ते गेले आहे, हिशेब जुळतो.

षष्ठीचेही तसेच. आज 'किंग'चा 'किंग्ज' करताना अपॉस्ट्रॉफी येतो तो मालकी दाखवायला, असे आपण शिकलो. पण मुळात इंग्रजीत ही षष्ठी 'किंगेस' अशी काहीशी होती. मधला 'इ' गळाला, त्याची खूण राहिली. गळालेला 'इ' न्यायला इतक्या शतकांत कुणी आले नाही, म्हणून लोक समजू लागले की खूण हीच मालक. बेवारस खात्यांचे असेच होते. आमच्याकडेही दहा वर्षे कुणी फिरकले नाही, तर ती ठेव रिझर्व्ह बँकेकडे जाते.

हे एकदा कळल्यावर मला नाद लागला. कुठल्या भाषेने हे खाते कसे ठेवले आहे, त्याचे मी ऑडिटच सुरू केले. फ्रेंचांचा हिशेब सगळ्यात शिस्तीचा. दोन स्वर समोरासमोर आले की पहिल्याने माघार घ्यायची आणि जाताना खूण ठेवून जायचे. 'ल' आणि 'आमी' मिळून 'ल’आमी', म्हणजे मित्र. हा नियम आमच्या तुळशीबागेच्या बोळात दोन स्कूटरवाल्यांना लावता आला असता, तर निम्मे पुणे वेळेवर ऑफिसात पोचले असते.

तुर्कांनी चिन्हाला वेगळेच काम दिले. इस्तंबूल शहराला प्रत्यय लावायचा असेल तर ते 'इस्तंबूल’दा' असे लिहितात, म्हणजे 'इस्तंबुलात'. विशेषनाम अलीकडे, प्रत्यय पलीकडे, मध्ये अपॉस्ट्रॉफी सोवळ्यातल्या काठीसारखा. नावाला धक्का लागता कामा नये. आपण मराठी माणसे नावालाच वाकवतो. पुणे म्हटले की पुण्यात, ठाणे म्हटले की ठाण्याला. आता हल्ली फलकांवर 'पुणे मध्ये' आणि 'ठाणे ला' दिसू लागले आहे, तेव्हा आपणही तुर्कस्तानच्या वाटेवर आहोत. फक्त चिन्ह आणायचे राहिले आहे.

युक्रेनी भाषेत 'पाच' या आकड्याच्या पोटातच अपॉस्ट्रॉफी असतो. पण तिथे काही हरवलेले नाही. शेजारच्या दोन अक्षरांनी एकमेकांत मिसळून जाऊ नये म्हणून मध्ये घातलेला तो पडदा आहे. चाळीत राहिलेल्यांना अधिक सांगायला नको.

मला सर्वांत आवडले ते बंगाली लोक. जुन्या साधुभाषेतले 'करिया', म्हणजे आपले 'करून', बोलीत आखडून 'करे' झाले. पण आखडताना मधला 'इ' गेला हे बंगाली माणसाच्या मनाला लागून राहिले. त्याने कित्येक वर्षे 'क’रे' असे वर खूण घालून लिहिले. आता ती पद्धत मागे पडत चालली आहे, पण गेलेल्या स्वराचे एवढे सुतक पाळणारी माणसे मला पाहायला मिळाली असती तर मी त्यांना लोन विनातारण दिले असते.

खुद्द इंग्रजांनी मात्र चिन्हाची फार आबाळ केली. बर्नार्ड शॉ या गृहस्थांना, ज्यांच्या 'पिग्मॅलियन'वरून पुलंनी 'ती फुलराणी' केली, हे चिन्ह पानावर पसरलेल्या जंतूंसारखे वाटे. ते 'डोन्ट', 'वोन्ट' बिनचिन्हाचे लिहीत. मात्र चिन्ह काढल्याने दुसराच शब्द होत असेल तिथे मुकाट्याने ठेवत. याउलट तिकडचे भाजीवाले! टोमॅटोचे अनेकवचन करतानाही ते अपॉस्ट्रॉफी घालतात, आणि इंग्रजीत त्याला 'भाजीवाल्याचा अपॉस्ट्रॉफी' असे रीतसर नावच पडले आहे. जॉन रिचर्ड्स नावाच्या एका निवृत्त पत्रकाराने २००१ साली या चिन्हाच्या रक्षणासाठी संस्था काढली. अठरा वर्षे त्यांनी दुकानदारांना पत्रे धाडली. २०१९ साली, वयाच्या शहाण्णव्या वर्षी, अज्ञान आणि आळस यांचा विजय झाला असे जाहीर करून त्यांनी संस्था बंद केली. हा माणूस लिंकनशायरमध्ये राहिला ही नियतीची चूक होती. त्याची जागा सदाशिव पेठेत होती. जर्मनांनी तर शरणागतीच पत्करली. विशेषनामाच्या षष्ठीला अपॉस्ट्रॉफी लावणे त्यांच्या व्याकरणात बसत नाही. लावणाऱ्याच्या अपॉस्ट्रॉफीला ते चक्क 'मूर्खाचा अपॉस्ट्रॉफी' म्हणत. २०२४च्या नियमांत त्यांच्या लेखनपरिषदेने दुकानाच्या नावात तो चालेल असे सांगून टाकले. दुकानदारापुढे कुठल्याच व्याकरणाचे चालत नाही.

आपले पुणे घ्या. पूर्वी अपॉस्ट्रॉफीची वस्ती कॅम्पात असे. बिशप्स, सेंट मेरीज, सेंट व्हिन्सेंट्स या शाळांच्या पाट्यांवर तो नीट इस्त्री करून उभा असायचा. शहरातल्या पेठांत त्याचे काम नव्हते. तिथे 'चा, ची, चे' पिढ्यान् पिढ्या नेमलेले होते. मग कधी तरी तो नाना पेठ ओलांडून आत आला, आणि आता तर देवनागरीतच मुक्कामाला राहिला आहे. कृती सोपी आहे. नात्यातले कुठलेही माणूस घ्यावे, त्याला अपॉस्ट्रॉफी आणि 'ज' लावावा, की खानावळ तयार. आजी’ज किचन, मामा’ज थाळी, काकू’ज फराळ. सलूनवर 'मेन’स पार्लर' असते, गॅरेजवर 'टायर’स' असतात. मी अशा पाट्यांवर आधी चिडत असे. टीकाकाराने चिडून चालत नाही, म्हणून शांतपणे विचार केला, आणि मला पाटीवाल्याचे म्हणणे पटले. अपॉस्ट्रॉफी म्हणजे इथून काही तरी हरवले आहे अशी कबुली. 'आजी’ज'मधून काय हरवले? 'आजीची'मधली 'ची' हरवली. पाटीवाल्याने तिथे इमानाने खूण केली आहे. एवढा सच्चा अपॉस्ट्रॉफी इंग्लंडातही मिळायचा नाही!

पण मग मराठीचे स्वतःचे उचंत खाते कुठे आहे? मराठी काय कमी अक्षरे गिळते? 'करतो आहे'चा आपण 'करतोय' केला, 'म्हणजे'चा 'म्हंजे' केला, आणि ढेकरही दिला नाही. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ला फुटले, ते अख्खे शतक गिळून आम्ही पुणेकर 'एकसष्टचा पूर' म्हणतो. क्वचित कुणी छापताना त्या आकड्यामागे अपॉस्ट्रॉफी घालतो. पण तो उसना. आपला घरचा कोण?

एक आहे. संस्कृताने आपल्याला अवग्रह दिला होता. गीतेचे पुस्तक उघडा. 'प्रथमोऽध्यायः' या शब्दाच्या मधोमध इंग्रजी 'एस'सारखे वळण आहे, ते पाहा. 'प्रथमः' आणि 'अध्यायः' यांच्या भेटीत 'अध्यायः'चा 'अ' बळी गेला, त्याचे ते स्मारक. हुबेहूब अपॉस्ट्रॉफी, तोही त्याच्याहून कितीतरी जुन्या हिशेबातला! आणि मराठीने त्याचे काय केले? मराठीने अवग्रहाला ओरडायला ठेवले. 'काऽऽय!', 'अगंऽऽ', 'रद्दीऽऽवाले!' जे चिन्ह गिळलेला स्वर दाखवायला जन्मले, ते आपण स्वर ताणायला वापरतो. मौन पाळणाऱ्या ऋषीला आणून आपण दवंडी पिटायला लावली.

हा शोध मी वडिलांना सांगितला. ते नुसते हसले आणि कपाटातून त्यांची जमाखर्चाची वही घेऊन आले. "अरे, अपॉस्ट्रॉफी शोधत कुठं हिंडतोस? हा बघ." वहीत लिहिले होते : 'दांत काढणें, पांच रुपये. नांव आठवत नाहीं. इतर कांहींतरी, दोन रुपये.' प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर टिंब. 'कांहींतरी'वर तर दोन.

वडील म्हणाले, "दंतातला 'न' गेला, दांत राहिला, वर टिंब. पंचातला गेला, पांच राहिला, वर टिंब. नामातला 'म' गेला, नांव राहिलं, वर टिंब. आता सांग, हे काय आहे?"

मी उडालोच. घरातच होते की! इंग्रजाची खूण अक्षरांच्या मधल्या फटीत, आपली डोक्यावर. बाकी कारकुनी तीच. दोन हजार वर्षांच्या प्रवासात जी अक्षरे पडली, त्यांची पावती म्हणून टिंब. नुसती पावतीच नव्हे, त्याने व्यवहारही कळे. 'मी जातो'मधल्या 'मी'वर टिंब नसे, 'मीं केलें'मधल्या 'मीं'वर असे. ज्याने काही केले त्याच्या डोक्यावर टिंब! असा नियम ऑफिसात लागू असता तर चौकशी समित्या लागल्या नसत्या. किंवा हे वाक्य घ्या : 'साहेबांचा लोखंडी कपाटाला धक्का लागला आणि ते पडले.' कोण पडले? आज सांगता येत नाही. जुन्या लेखनात 'तें पडलें' असेल तर कपाट, 'ते पडले' असेल तर साहेब. ऑफिसने हळहळावे की नाही, हे दोन टिंबांवर ठरे.

ही टिंबे गेली १९६२ साली. मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे चौदा नियम केले, सरकारने ते मान्य केले, आणि ज्यांचा उच्चार होत नाही ते अनुस्वार लिहू नयेत असे ठरले. १९७२मध्ये आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. गीतेचे अध्यायही अठराच; दोन्हींचे पालन करणारे साधारण सारखेच असावेत. वडील १९६२ साली आठवीत होते. टिंबे पाठ होतात न होतात तोच ती रद्द झाली. पण त्यांनी सोडली नाहीत. का म्हणून विचारले तर म्हणाले, "ज्या टिंबांपायी छड्या खाल्ल्या, ती फुकट सोडू होय? शिवाय पांचावरचं टिंब गेलं, आणि बघ, पाच रुपयांत हल्ली काही येत नाही."

आता टीकाकार म्हणून मला निकाल द्यायला हवा, आणि तो सोपा नाही. कारण वडिलांच्या छड्यांतच महामंडळाची बाजू आहे. दांताच्या मागे दंत आहे हे ज्याच्या घरी संस्कृत होते त्यालाच माहीत. ज्याच्या घरी नव्हते, त्या पोराला न ऐकू येणारे टिंब न दिसणाऱ्या कारणासाठी द्यायचे होते, आणि चुकले की मार. 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्द वहीवरून उचलून माणसांना लावायला आपल्याकडे वेळ लागत नाही. पावती कितीही खरी असली तरी ती वाचता येणारे गावात चारच असतील, तर बाकीच्यांना ती पावती वाटत नाही, दंड वाटतो. हे मी काउंटरच्या आत बसून रोज बघतो. 'नावात तफावत आहे' म्हणणारा मी, आणि टिंब चुकले म्हणून छडी उगारणारे गुरुजी, यांच्यात फरक फक्त पगाराचा. तेव्हा १९६२चा निकाल मला मान्य आहे.

तक्रार एवढीच, की खाते बंद करताना शेवटची शिल्लक दाखवायची असते. ती दाखवली गेली नाही. इथे काही होते, हेच पुढच्या पिढीला कुणी सांगितले नाही. माझ्या मुलीला 'नांव' दाखवले तर ती म्हणते, "बाबा, आजोबांचं शुद्धलेखन किती कच्चं आहे!" एका पिढीने छड्या खाऊन मिळवलेले ज्ञान दुसऱ्या पिढीत चूक ठरले, हा खरा घाटा. अक्षर जाते, खूणही जाते. पण काही गेलेच नव्हते असे दाखवणे हा खोटा ताळेबंद.

आणि गंमत बघा, सगळे काही गेलेलेही नाही. जुन्या 'केलें'च्या डोक्यावर मात्रा आणि टिंब अशी दोन रत्ने होती. १९६२ साली वाटणी झाली. लेखी मराठीने मात्रा घेतली, तिचे 'केले' झाले. बोली मराठीने टिंब घेतले, तिचे 'केलं' झाले; आणि बोलल्यासारखे लिहिताना ते टिंब द्यायला नियमांनीही हरकत घेतली नाही. या लेखात माझ्या निवेदनातले शब्द मात्रेचे आहेत आणि मावशींच्या, वडिलांच्या तोंडचे टिंबाचे, हे तुमच्या लक्षात आले असेल. नसेल आले तर मी महामंडळाला दोष देणार नाही. आणखी एक टिंब शाबूत आहे, ते अनेकवचनाचे आणि आदराचे. 'कारकुनाने चूक केली, साहेबांनी ती शोधली.' टिंब कुणाच्या वाट्याला आले, पाहा.

एवढे ऑडिट झाल्यावर मी मावशींच्या आडनावाकडे परत आलो. त्यांचा अपॉस्ट्रॉफी कशाची पावती होता? पोर्तुगीजांकडे वसई सोळाव्या शतकात गेली, आणि त्यांच्याबरोबर 'द सोझा', 'द मेलो' ही आडनावे आली. या 'द'चा अर्थ 'चा'. अमक्याचा, तमक्या ठिकाणचा. पोर्तुगालात तो 'द' सुटा लिहितात. आपल्याकडे त्यातला स्वर गळाला आणि इंग्रजी वळणाचा अपॉस्ट्रॉफी त्या जागी आला. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसईचा किल्ला घेतला, तिथल्या घंटा भीमाशंकरला आणि मेणवलीला जाऊन लागल्या. आडनावे मात्र तिथेच राहिली. पुढे मराठीने त्यांना वेलांटी देऊन घरात घेतले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या इंग्रजी आडनावात अपॉस्ट्रॉफी होता. मराठीत त्याची ह्रस्व 'दि' झाली, आणि ते २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मराठीने जे पचवले ते आमच्या संगणकाला पचेना, कारण संगणकाच्या भाषेत ते चिन्ह मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते सांगते. नावाच्या मध्येच ते भेटले की त्याला वाटते माणूस संपला. आम्ही याला 'सिस्टिम घेत नाही' म्हणतो. सिस्टिमने मावशींच्या आडनावातला नेमका 'चा' तेवढा घेतला नव्हता. कुणाचा कोण, हे सांगणारा.

मी मावशींना फोन करून बोलावले. ही सगळी नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र कसे करायचे, ते बसून सांगितले. ते पहिल्याच दिवशी सांगता आले असते, ही माझी शेवटची शिल्लक. 'मीं चूक केली', टिंबासकट. प्रतिज्ञापत्र झाले, यजमान एकदाचे एकच ठरले आणि कागदोपत्रीही वारले. ठेवीचे पैसे मावशींच्या खात्यात जमा झाले. पासबुक छापून मी त्यांच्या हातात दिले.

त्या बराच वेळ पहिल्या पानाकडे बघत होत्या. 'डी', मोकळी जागा, आणि मग बाकीचे आडनाव.

"ह्यांच्या सहीत तो असायचा," त्या म्हणाल्या. "सगळी सही करून झाली, की मग हात उचलून मागं यायचे आणि वर एक टिचकी मारायचे. मी म्हणायची, राहिलं तर काय बिघडेल? तर म्हणायचे, अगं, मग ती माझी सही नव्हे."

मी पासबुक परत मागितले. खिशातले पेन काढले आणि त्या मोकळ्या जागेत, जरासा वर, अपॉस्ट्रॉफी दिला.

पाठीमागे आमचे अधिकारी उभे होते. "काय केलंत हे?" ते म्हणाले. "पासबुकात हातानं दुरुस्ती? सही-शिक्क्याशिवाय?" मी काही बोललो नाही. त्यांनी पासबुक ओढून घेतले, मावशींकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि त्या चिन्हाशेजारी सही ठोकून वर गोल शिक्का मारला. चिन्ह एक मिलिमीटरचे, शिक्का रुपयाएवढा. जगातल्या कुठल्याही भाषेत एवढा प्रमाणित अपॉस्ट्रॉफी नसेल.

सिस्टिममध्ये तो अजूनही नाही. पासबुकात आहे. त्या संध्याकाळी माझी रोकड पहिल्याच मोजणीत जुळली.